ठिगळांचा इतिहास



मोबाईलवर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी पाटी झळकली की माणसांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, लगेच करून टाका, नाहीतर चोर घुसतील. दुसरा म्हणतो, अजिबात हात लावू नका, मागच्या वेळी केलं आणि फोनची गोगलगाय झाली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा वाद निवडणुकीच्या वादापेक्षा जोरात चालतो. दोन्ही बाजूंची माणसं शहाणीसुरती आहेत. मग खरं कोण बोलतंय?

मी काही कॉम्प्युटरची तज्ज्ञ नव्हे. बी.ए. झाले ती मराठी माध्यमातून आणि पुढची सगळी वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. एखाद्या भांडणाचं मूळ कळलं नाही की तो मागे मागे जात राहतो. गेले काही महिने मी तेच केलं. माझ्या भाचेमंडळींतले निम्मे याच धंद्यात आहेत, त्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. त्यांनी चालवून घ्यावं. हे लिहिलंय ते मुख्यतः माझ्या वयाच्या मंडळींसाठी.

सुरुवात शब्दापासून करू, कारण ती माझ्या सवयीची वाट. सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करणाऱ्या तुकड्याला इंग्रजीत ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. मला वाटायचं हा नुसता अलंकार असावा. पण नाही, एके काळी ते अगदी खरंखुरं ठिगळ होतं! अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली ‘मार्क १’ नावाचं अवाढव्य गणनयंत्र बसवलं गेलं, जवळजवळ ५१ फूट लांबीचं. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. एखादं भोक चुकीच्या जागी पडलं तर सगळी पट्टी फेकून देणं परवडत नसे. मग त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि योग्य जागी नवं भोक पाडायचं. अशी ठिगळं लावलेल्या पट्ट्यांची छायाचित्रं आजही बघायला मिळतात. आपल्या आज्या फाटलेल्या धोतराला आतून कापड लावायच्या ना, तोच प्रकार.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या पहिल्या ठिगळांचा चोराशी काही संबंध नव्हता. चूक माणसाकडून झाली, माणसाने निस्तरली, विषय संपला. यंत्र कुलूपबंद खोलीत, हाताळणारे चार-पाच ओळखीचे लोक. चुकीचा फायदा घेणारा तिसरा कोणी त्या खोलीत नव्हताच.

तो तिसरा माणूस कुठून आला, हे समजण्यासाठी मला एक वेगळाच प्रसंग उपयोगी पडला, तोही कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा. १८५१ साली लंडनमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्या काळी इंग्लंडात दोन कुलुपांचा फार दबदबा होता. एक चब कंपनीचं. कोणी त्याच्याशी चाळे केले तर ते अडकून बसायचं, म्हणजे मालकाला खाडाखोडीचा पत्ता लागायचा. दुसरं ब्रामाचं. ते कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत मांडलेलं, आणि उघडून दाखवील त्याला २०० गिनी बक्षीस. कित्येक दशकं कोणाला ते जमलं नव्हतं. हॉब्जने चबचं कुलूप २५ मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला त्याला एकूण ५१ तास लागले, पण उघडलं!

लंडनमध्ये खळबळ उडाली. आणि मग जो वाद सुरू झाला तो ऐकून तुम्हाला आजची वर्तमानपत्रं आठवतील. काही लोक म्हणाले, कुलपातला दोष असा चव्हाट्यावर आणणं म्हणजे चोरांना शिकवणी देणं. हॉब्जच्या बाजूचे म्हणाले, चोरांना हे आधीच माहीत असतं, माहीत नसतं ते बिचाऱ्या घरमालकाला. दोष लपवल्याने कुलूप मजबूत होत नाही. कुलूपवाल्याला लाज वाटली तरच तो सुधारतो. आज सॉफ्टवेअरमधला दोष सापडला की तो कंपनीला गुपचूप कळवायचा की जगाला सांगायचा, किती दिवस वाट पाहायची, यावर जाणकारांत जी चर्चा चालते, ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुलपांवरून होऊन गेलेली आहे.

आता कॉम्प्युटरकडे येते. १९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी, बासित आणि अमजद फारूख अल्वी यांनी, ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला. तो फ्लॉपीवरून पसरायचा. गंमत म्हणजे त्यात त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! आमचं सॉफ्टवेअर लोक फुकट नकलून घेतात त्यांना अद्दल घडावी एवढाच हेतू, असं त्यांचं म्हणणं. चोर स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड ठेवून जातो असा तो निरागस काळ.

दोनच वर्षांनी तो काळ संपला. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप उडी मारी. तेव्हा सगळ्या इंटरनेटवर मिळून सुमारे ६०,००० यंत्रं होती. त्यातली अंदाजे ६,००० बाधित झाली असं म्हणतात. प्रोग्रॅमने काही पुसलं नाही की चोरलं नाही, पण एकाच यंत्रावर त्याच्या इतक्या प्रती जमल्या की यंत्रं गुदमरून बंद पडली. हा मुलगा घुसला कशातून? ई-मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तपासणीसाठी ठेवलेली एक मोरी उघडीच राहिली होती, तिच्यातून. आणखी एका प्रोग्रॅममधल्या चुकीतून. आणि लोकांच्या सोप्या सोप्या पासवर्डमधून.

दुरुस्तीचं ठिगळ काही तासांतच तयार झालं. पण ते पोचवायचं कसं? ई-मेलने! आणि घाबरून लोकांनी आपली यंत्रं नेटवर्कवरून काढून टाकली होती. औषध तयार, पण टांग्याचा रस्ताच बंद. त्या प्रसंगानंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांसाठी एक कायमचं पथक उभारलं गेलं. आपल्याकडे तशीच ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था २००४ साली सुरू झाली. मॉरिसला तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षं देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि दंड. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. (विद्यार्थ्याचा एक वांडपणा आयुष्यभर त्याच्या कपाळी लिहून ठेवू नये, असं माझं शिक्षिका म्हणून मत आहे. असो.)

मंडळी, इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते. मॉरिसच्या वेळी हल्ला आधी आला आणि ठिगळ नंतर. पुढच्या मोठमोठ्या संकटांत क्रम उलटा आहे. ठिगळ आधी तयार होतं, आणि लोकांनी ते लावलं नव्हतं.

२५ जानेवारी २००३ चा ‘स्लॅमर’ घ्या. हा किडा केवळ ३७६ बाइटचा, म्हणजे अक्षरांच्या हिशेबात एखाद्या पोस्टकार्डाएवढा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आठवा. दहा मिनिटांत जगातली जवळजवळ ९० टक्के कमकुवत यंत्रं त्याने गाठली. अमेरिकेत एकाच बँकेची सुमारे १३,००० एटीएम ठप्प झाली. आणि ज्या दोषातून तो शिरला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२ मध्ये दिलेलं होतं! इतकंच काय, खुद्द मायक्रोसॉफ्टच्या काही यंत्रांवर ते लावलेलं नव्हतं आणि तीही सापडली. शाळेच्या नियमांची पाटी मुख्याध्यापकांच्याच खोलीत फुटावी तसं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आला. ज्यांच्याकडे तेव्हा विंडोज एक्सपी होतं त्यांना आठवत असेल, पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि कॉम्प्युटर बंद. त्याच्या पोटात बिल गेट्ससाठी एक टोमणाही लिहिलेला होता, पैसे मिळवणं पुरे, आधी सॉफ्टवेअर नीट कर, अशा अर्थाचा. इथे ठिगळ १६ जुलैला आलं आणि किडा ११ ऑगस्टला. मधे २६ दिवस.

सहा महिन्यांवरून २६ दिवस. हे अंतर का घटत गेलं, त्याचं उत्तर मला सापडलं तेव्हा या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली हाती लागल्यासारखं वाटलं. कंपनी ठिगळ प्रसिद्ध करते तेव्हा ते चोरालाही मिळतं. चोर जुना प्रोग्रॅम आणि ठिगळ लावलेला प्रोग्रॅम शेजारी शेजारी ठेवतो आणि फरक शोधतो. वर्तमानपत्रात दोन चित्रांतले सहा फरक ओळखा असतं ना, तसंच. जिथे ठिगळ, तिथे भोक! म्हणजे दुरुस्ती जाहीर झाली त्या क्षणापासून, ज्यांनी ती लावलेली नाही त्यांची घरं आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतात. कारण आता भोकाचा नकाशा छापून आलेला आहे.

म्हणूनच ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने ठिगळं वाटण्याचा वार ठरवून टाकला, दर महिन्याचा दुसरा मंगळवार. सोमवारी ऑफिसात लोकांचा गोंधळ असतो, शुक्रवारी दिलं तर बिघडलेलं निस्तरायला शनिवार-रविवार जातो, म्हणून मंगळवार. अमेरिकेतल्या सकाळी ते निघतं तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र असते. आमच्याकडे मंगळवारी गणपती, त्यांच्याकडे ठिगळं. त्या धंद्यातले लोक पुढच्या दिवसाला गमतीने हल्ल्याचा बुधवार म्हणतात. ते का, हे वरचं वाचून तुमच्या लक्षात आलं असेलच.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीसाठी दुसरा ‘सर्व्हिस पॅक’ आला. एक्सपीमध्ये संरक्षक भिंत पहिल्यापासून होती, पण बंद ठेवलेली! म्हणजे दाराला अडसर बसवलेला पण तो लावण्याची सूचना पुस्तिकेच्या आतल्या पानावर. या पॅकपासून ती आपोआप चालू झाली. त्या वेळी आपल्याकडे बहुतेक घरांत डायल-अप. फोन गुंतवून ठेवायचा आणि ती कुईकुई ऐकत बसायचं. त्या पॅकची पूर्ण फाइल अडीचशे एमबीहून मोठी होती. हिशेब करून पाहा. ५६ केबीपीएसचा वेग पूर्ण मिळाला (जो कधीच मिळत नसे) तरी किमान दहा तास, आणि फोनचं बिल वेगळं. तेव्हा ‘अपडेट करा’ हे सांगणं अमेरिकेत सोपं होतं, सांगलीत तेवढं सोपं नव्हतं. आपल्या पिढीला अपडेटचा कंटाळा जडला त्याचं एक मूळ इथे आहे असं मला वाटतं.

आता २०१७ मध्ये या. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला विंडोजमधला एक दोष ठाऊक होता. त्यांनी तो कंपनीला न सांगता स्वतःच्या वापरासाठी जपून ठेवला. हॉब्जच्या काळचाच प्रश्न, फक्त आता दोष लपवणारं खुद्द सरकार. पुढे त्यांचं हे शस्त्रच चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकलं गेलं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या महिनाभर आधी, १४ मार्चला, ठिगळ दिलेलं होतं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने हल्ला केला. कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फाइलींना कुलूप आणि उघडून हवं असेल तर ३०० डॉलरची खंडणी. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक यंत्रं सापडली.

सर्वांत हाल झाले ते इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांचे. तिथल्या लेखापरीक्षकांनी नंतर अंदाज काढला, की १९,००० हून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्यात शस्त्रक्रियाही होत्या. मी या आकड्यापाशी बराच वेळ थांबले. तोपर्यंत ‘व्हायरस’ म्हणजे फाइली उडणार, कोणाचे तरी पैसे जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथे ऑपरेशनसाठी मनाची तयारी करून आलेल्या माणसांना घरी परत पाठवलं गेलं. आणि आश्चर्य हे, की बाधित झालेली बहुतेक यंत्रं जुन्यापुराण्या एक्सपीची नव्हती. ती विंडोज ७ ची होती, म्हणजे ज्यांच्यासाठी ठिगळ तयार आणि फुकट होतं अशी. मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या इंग्रज मुलाला त्या व्हायरसमध्ये एका विचित्र वेबसाइटचं नाव दिसलं. ते कोणी नोंदवलेलंच नव्हतं. त्याने दहा-अकरा डॉलर भरून ते स्वतःच्या नावावर केलं आणि व्हायरस थांबला! ते नाव अस्तित्वात असेल तर पसरू नकोस, अशी सूचना त्यात होती. एवढ्या मोठ्या संकटाचा कान असा एका पोराच्या हाती लागला.

इथवर वाचून पहिल्या तटाची मंडळी म्हणतील, बघा, आम्ही सांगत नव्हतो? पण थांबा. वॉनाक्रायला जेमतेम दीड महिना झाला होता, तेव्हा दुसऱ्या तटाची बाजू घेणारी घटना घडली.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेब आणि कर भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर घरोघरी, म्हणजे कंपनीकंपनीत असतं. हल्लेखोर त्या सॉफ्टवेअर कंपनीतच शिरले आणि त्यांनी विष अपडेटमध्ये कालवलं. ज्यांनी शहाण्या मुलासारखं वेळेवर अपडेट घेतलं, त्यांच्याच घरात ‘नॉटपेट्या’ शिरला. तिथून तो जगभर गेला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचा कारभार कोसळला आणि त्याचे पडसाद थेट आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात उमटले. तिथला एक टर्मिनल मर्स्कच्या गटाकडे होता, त्याचं काम हातांनी करायची पाळी आली. मर्स्कला २५ ते ३० कोटी डॉलरचं नुकसान झालं. त्यांच्या साऱ्या जाळ्याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रांपैकी एकच शाबूत राहिलं, ते आफ्रिकेतल्या घाना देशातलं. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगला एवढे दुवे इतिहासात कोणी दिले नसतील.

मग अपडेट खरं की खोटं हे फोनला कळतं कसं? याचं उत्तर आपल्या इतिहासात छान सापडतं. शिवकालीन पत्रात वर मुख्य मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे मर्यादेची मुद्रा, म्हणजे मोर्तब. ही कशासाठी? पत्र इथे संपलं, याखाली कोणी स्वतःच्या पदरचं घुसडू नये म्हणून. (‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो तो यातलाच.) अपडेटवर कंपनी अशीच एक गणिती मुद्रा उठवते. वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी मुद्रा जुळत नाही आणि फोन ते अपडेट नाकारतो. योजना पक्की आहे. पण वाकनीस आणि चिटणीसच फितूर झाले, मजकूर मुद्रा उठण्याच्या आधीच बदलला, तर? अमेरिकेत २०२० साली नेमकं तेच झालं. सोलरविंड्स या कंपनीच्या अपडेटमध्ये ते तयार होतानाच विष मिसळलं गेलं आणि मग त्यावर अगदी अस्सल मुद्रा उठली. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ते पोचलं, त्यांत अमेरिकेची सरकारी खातीही होती.

आणि १९ जुलै २०२४ ला तर शत्रू कोणीच नव्हता. क्राउडस्ट्राइक ही कंपनी सुरक्षेचंच सॉफ्टवेअर विकते. तिने पाठवलेल्या एका लहानशा अपडेटमध्ये चूक होती, आणि जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडेही विमानतळांवर रांगा लागल्या आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्ती साधी, एक फाइल पुसायची. पण ती प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करायची. म्हणजे १९४४ साली होतो तिथेच, माणूस यंत्राजवळ बसून भोक बुजवतोय.

तेव्हा दुसऱ्या तटालाही वेड्यात काढता येत नाही. ‘अपडेट केलं आणि फोन मंदावला’ ही तक्रारही सगळी मनाची नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग त्यांनी अपडेटमधून कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण त्यांनी दिलं. कारण खरंही असेल, पण ते आधी सांगितलं नाही, हे वाईट. अमेरिकेतल्या खटल्यात त्यांनी २०२० साली ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं कबूल केलं. २०१८ मध्ये इटलीच्या सरकारी यंत्रणेने ॲपल आणि सॅमसंग दोघांनाही अपडेटने जुने फोन मंद केल्याबद्दल दंड ठोठावला.

माझ्या मते घोटाळा इथे आहे. एकाच ‘अपडेट’ नावाच्या पिशवीत कंपन्या दोन वेगळ्या वस्तू घालतात. एक, भोक बुजवणारं ठिगळ. दुसरी, नवं रंगरूप, नवी बटणं, जाहिराती, आपली सोय नि त्यांचा फायदा. औषधाच्या बाटलीत सरबत मिसळून द्यावं, आणि पेशंटला सरबत सोसलं नाही की त्याने औषधही बंद करावं, तशी गत होते.

आणि ज्यांना औषध मिळतच नाही त्यांचं काय? हे लिहायला बसण्याचं खरं कारण तेच आहे. माझे एक सहकारी, गणिताचे निवृत्त शिक्षक, रोज संघात येतात. वादात ते बोलत नाहीत. कारण त्यांच्या फोनवर अपडेटची पाटीच येत नाही. बारा हजारांना घेतलेला फोन, अजून काच शाबूत, बॅटरी दिवसभर चालते. कंपनीने तिसऱ्या वर्षानंतर ठिगळं देणं बंद केलं. दुकानदाराने विकताना हे सांगितलं नाही, खोक्यावर छापलेलं नाही. त्या फोनमध्ये त्यांचं पेन्शन जमा होणारं खातं आहे.

अँड्रॉइडचं हे दुखणं २०१५ मध्ये जगाला प्रथम ठसठशीत दिसलं. ‘स्टेजफ्राइट’ नावाचा दोष सापडला. नुसता चित्रफितीचा संदेश पाठवून फोनमध्ये शिरता येईल असा. ९५ कोटी फोनांत तो असावा असा अंदाज होता. गूगलने ठिगळ केलं खरं, पण ते फोनपर्यंत यायला आधी चिप करणारा, मग फोन करणारा, काही देशांत मोबाईल कंपनी, अशा हातांतून यावं लागतं. वरातीमागून घोडं. तेव्हापासून दर महिन्याला सुरक्षेची ठिगळं द्यायची पद्धत पडली, आणि २०२३-२४ पासून गूगल आणि सॅमसंगने आपल्या महागड्या फोनांना सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं. महागड्या! स्वस्त फोनवाल्याने काय करायचं?

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच लागू केला. फोन असो की घरातला कॅमेरा, किती काळ सुरक्षेची दुरुस्ती मिळेल हे कंपनीने जाहीर केलंच पाहिजे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून आणखी पुढचं पाऊल टाकलं. एखादं मॉडेल बाजारात आणणं थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायला हवीत. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, दुधाच्या पिशवीवर असते. मग ज्या वस्तूत माणसाची आयुष्यभराची पुंजी असते, तिच्या खोक्यावर ‘या तारखेनंतर ठिगळ मिळणार नाही’ एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे?

असंच कॉम्प्युटरचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची ठिगळं थांबली. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून एक वर्षाची मुदतवाढ दिली, एवढंच. चांगले चालणारे कितीतरी कॉम्प्युटर केवळ एक विशिष्ट सुरक्षा चिप नाही म्हणून विंडोज ११ ला अपात्र ठरले. एक्सपीच्या वेळी हेच झालं होतं. त्याची ठिगळं एप्रिल २०१४ ला थांबली, आणि तरी आपली एटीएम त्याच्यावर चालतच राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना मुदत घालून दिली, जून २०१९ पर्यंत बदला. म्हणजे बँकांनाही चार-पाच वर्षं लागतात, आणि पेन्शनराने मात्र तिसऱ्या वर्षी नवा फोन घ्यावा अशी अपेक्षा.

आता माझं मत. पहिल्या तटाचं बरोबर आहे, कारण संकटांच्या मोठ्या यादीत ठिगळ लावल्याने बुडालेले थोडे, आणि न लावल्याने बुडालेले फार. सुरक्षेचं ठिगळ आलं की एक-दोन दिवसांत लावावं. पण दुसऱ्या तटाचा संशय कंपन्यांनी कमावलेला आहे, त्याला अडाणीपणा म्हणून हसू नये. पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या भाचेमंडळींना माझं सांगणं, आई-वडिलांवर ‘किती वेळा सांगितलं’ म्हणून खेकसण्याआधी त्यांच्या फोनची ‘सेटिंग्ज’ उघडा आणि सुरक्षा अपडेटची शेवटची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल तर त्या फोनमधून बँकेचं ॲप काढा. आणि माझ्या वयाच्या मंडळींना एवढंच, खरं अपडेट फोनच्या सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून येतं. व्हॉट्सॲपवर ‘केवायसी अपडेट करा’ म्हणून आलेली फाइल किंवा लिंक उघडू नका, मग ती कोणाच्याही नावाने येवो.

गणिताच्या सरांच्या फोनवरचं बँकेचं ॲप आम्ही काढून टाकलं. सध्या ते पासबुक घेऊन शाखेत जातात, तिथे त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी भेटतात म्हणून खूश आहेत. पण हा काही उपाय नव्हे, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. गेल्या आठवड्यात त्यांनी फोन कंपनीला सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं, ‘विक्रीच्या वेळी मुदत का सांगितली नाही’ असा एकच प्रश्न विचारून. उत्तर आलं तर इथे कळवीन. तुमच्यापैकी कोणी असं पत्र लिहिलं असेल, आणि त्याला उत्तर मिळालं असेल, तर जरूर सांगा.

बरंच लांबलं. थांबते.